लघवीचे जुनाट आजार आणि किशोरवयीन मुलांचं मन (ठाणे, नवी मुंबई)

मासुंदा
स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीच्या कण्यातला दोष), मूत्रमार्गातल्या पडद्यांचं लहानपणी झालेलं ऑपरेशन, रिफ्लक्स (लघवी उलटी किडनीकडे जाणं), एक्स्ट्रॉफी (जन्मतः मूत्राशय पोटाबाहेर उघडं असणं), किंवा तेराव्या-चौदाव्या वर्षीही रात्री अंथरूण ओलं होणं. आजार वेगवेगळे असले तरी वाढत्या वयात मनावर पडणारा भार बराचसा सारखा असतो. दहा-अकरा वर्षांपर्यंत घरात घडी बसलेली असते. मूत्राशय रिकामं करायला आई वेळेवर लघवीच्या वाटेने नळी घालते, डब्याबरोबर पॅडची पिशवी भरते, शाळेतल्या मावशींना सगळं माहीत असतं. आठवी-नववीत ती घडी विस्कटते. मुलगा शाळेत नळी घालायची टाळतो, मुलगी सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही, सोनोग्राफीत किडनीला सूज येते, आणि मग सगळे मिळून त्या मुलालाच निष्काळजी ठरवतात.

या वयात नळी टाळण्यामागे बहुतेक वेळा हिशेब असतो. वास येईल का, दार वाजवून कुणी विचारेल का, मधली सुट्टी वाया जाईल का, हे मूल रोज तोलत असतं. किडनीचं नुकसान आज दिसत नाही, वर्गातलं हसू मात्र आज ऐकू येतं. म्हणून मूत्राशयाचा डॉक्टर एकीकडे आणि मनाचा दुसरीकडे अशी वाटणी केली की दोन्ही उपचार लंगडे पडतात. या विषयात रोज काम करणाऱ्यांनी इथे नेमकं लिहावं ही विनंती. अनुभवकथन नको. काय करायचं, किती, केव्हा आणि कुठे चुकतं, एवढंच हवं.

पारसिक
चांगला विषय काढलात. नळीच्या बाजूने लिहिते, कारण मनाचं ओझं निम्मं तिथेच हलकं होतं.

आधी वेळेचं गणित. नळी ३ ते ४ तासांनी, दिवसातून ४ ते ६ वेळा. सकाळच्या अधिवेशनाची शाळा असेल तर निघताना साडेसहाला, शाळेत १० ला, घरी आल्यावर सव्वाला. दुपारच्या अधिवेशनात निघताना पावणेबाराला, शाळेत सव्वातीनला, घरी साडेसहाला. म्हणजे शाळेत फक्त एकदा. मुलाला हे कागदावर काढून दाखवा. 'दिवसभर हेच करत बसायचं' ही भावना 'शाळेत एकदा' इथपर्यंत आली की फरक पडतो.

दुसरं म्हणजे लागणारा वेळ. नळी ५ ते १० मिनिटांत होते, पण कॅलिपर (पायाला आधार देणारे पट्टे), पॅड, कपडे, हात धुणं धरून १५ ते २० मिनिटं जातात. मधली सुट्टी साधारण तेवढीच. म्हणजे नळी घालायची तर डबा मित्रांसोबत नाही. हा सौदा कोणतंही चौदा वर्षांचं मूल नाकारणारच. उपाय सोपा आहे : सुट्टीच्या १५ मिनिटं आधी वर्गातून निघायचं. टॉयलेट रिकामं असतं आणि सुट्टी पूर्ण मिळते.

'टॉयलेट घाण आहे, इन्फेक्शन होईल' हे कारण मुलं फार सांगतात आणि पालकांना ते पटतं. १९७२ मध्ये अमेरिकेत जॅक लॅपिडिस यांनी ही पद्धत मांडली तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली तरी चालते. मूत्राशय वेळेवर रिकामं होणं जास्त महत्त्वाचं. तुडुंब भरून ताणलेल्या भिंतीला रक्तपुरवठा कमी पडतो आणि जंतूंचं फावतं. साबणाने हात धुवा, नळीचं टोक भिंतीला, नळाला लागू देऊ नका. एवढं पुरतं.

पिशवीत काय हवं : अपारदर्शक चेनची छोटी पिशवी (औषधाच्या दुकानाची पारदर्शक नको), दोन नळ्या, जेली, बिनवासाचे ओले टिश्यू, कागदी साबण, एक गडद रंगाची चड्डी, एक पॅड, वापरलेलं ठेवायला झिपची पिशवी. नवीन शिकणाऱ्या मुलींना छोटा आरसा. नळीचा नंबर डॉक्टरांनी लिहिलेलाच घ्या. नंबर म्हणजे जाडी, एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग. दुकानात १२ नसली म्हणून ८ घेतली तर लघवी इतकी हळू येते की मूल कंटाळून अर्ध्यावर नळी काढतं. उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. मुलग्यांमध्ये लघवी सुरू झाल्यावर नळी आणखी दोन-एक सेंटिमीटर आत सरकवायची, धार थांबली की हळूहळू बाहेर ओढायची आणि मध्ये पुन्हा धार आली की तिथेच थांबायचं. घाईत हाच टप्पा गाळला जातो.

स्पायना बिफिडाच्या मुलांना लॅटेक्सची (नैसर्गिक रबराची) ॲलर्जी बऱ्याचदा असते. नळी, हातमोजे लॅटेक्सविरहितच. वाढदिवसाचे फुगेसुद्धा लांब ठेवा.

पामबीच
शाळेच्या बाजूने. 'सुट्टीआधी १५ मिनिटं' ही सवलत तोंडी ठेवली की बदली शिक्षक आले त्या दिवशी मोडते. मुख्याध्यापकांना पत्र द्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीत आजाराचं सविस्तर वर्णन नको. 'वैद्यकीय कारणासाठी ठरावीक वेळी व गरज पडेल तेव्हा स्वच्छतागृह वापरण्याची परवानगी द्यावी' इतकं पुरे. सगळा आजार लिहिलेली चिठ्ठी स्टाफरूममध्ये फिरते आणि दोन दिवसांत वर्गात पोहोचते.

मुलाने दर वेळी हात वर करून विचारणं बंद करा. कार्ड बाकावर उलटं ठेवायचं, किंवा नुसतं उठून जायचं, असं आधी ठरवा. कडी असलेलं, आत नळ आणि खुंटी असलेलं एक टॉयलेट नक्की करा. कर्मचाऱ्यांचं असलं तरी चालेल. खुंटी नसली तर पिशवी ओल्या फरशीवर ठेवावी लागते आणि तेवढ्यावरून मूल तिथे जायचं बंद करतं. आठवण द्यायला कंप पावणारं साधं घड्याळ. मोबाइल शाळेत चालत नाही आणि बाईंनी 'जा रे आता' म्हणणं म्हणजे सगळ्यांसमोर जाहीर करणं.

पीटीच्या सरांना एक गोष्ट जरूर सांगा. ऑक्सिब्युटिनिन (मूत्राशय सैल ठेवणारी गोळी) घेणाऱ्या मुलांना घाम कमी येतो. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात मैदानावर ती लवकर तापतात, चक्कर येते. सावली आणि पाणी द्यायचं, 'नाटक करतो' म्हणायचं नाही.

तलावपाळी
@पामबीच, वर्गमित्रांना सांगावं की नाही? आमच्याकडे पालकांत यावरून दोन तट आहेत. काहींचं म्हणणं, एकदा सगळ्या वर्गाला समजावलं की चिडवणं थांबतं.

पामबीच
सगळ्या वर्गाला सांगण्याच्या मी विरोधात आहे. सातवीपर्यंत कदाचित चालेल, आठवीनंतर नाही. सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही, आणि ती कुणाला सांगायची हे ठरवण्याचा हक्क मुलाचा आहे.

खाडीकाठ
पामबीच यांच्याशी बरीच सहमत, पण 'कुणालाच नाही' हेही बरं नव्हे. लपवण्यावर खर्च होणारी ताकद फार मोठी असते. एक विश्वासू मित्र किंवा मैत्रीण असावी. त्यासाठी मुलाबरोबर तीन लांबीची उत्तरं तयार करून ठेवतात. अनोळखी माणसाला : 'पोटाचं औषध चालू आहे.' वर्गातल्या कुणाला : 'माझ्या किडनीचं लहानपणी ऑपरेशन झालंय, म्हणून वेळेवर जावं लागतं.' जवळच्या मित्राला : खरं सगळं. हे मोठ्याने बोलून सराव करायचा. ऐन वेळी सुचत नाही, मग मूल खोटं बोलतं आणि पुढे ते खोटं सांभाळत बसतं.

आता तपासणीबद्दल. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या बाजूने सांगते. अकरा-बारा वर्षांपासून प्रत्येक भेटीत मुलाला डॉक्टरांबरोबर दहा मिनिटं एकटं मिळायला हवीत. आई-बाबांनी बाहेर बसायचं. सुरुवातीलाच मुलाला सांगायचं : तू सांगितलेलं तुझ्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही, मात्र तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल तर मला मोठ्यांना सांगावंच लागेल.

प्रश्न कसा विचारता यावर उत्तर ठरतं. 'नळी नियमित घालतोस ना?' याला उत्तर एकच : हो. त्याऐवजी 'बऱ्याच मुलांची एखादी वेळ चुकते, तुझी कोणती जास्त चुकते?' असं विचारा. 'पाणी पितेस का?' ऐवजी 'शाळेची बाटली घरी येते तेव्हा किती उरलेली असते?'

पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीचा किशोरवयीनांसाठीचा प्रकार वापरता येतो. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर सविस्तर मुलाखत. पण या मुलांत एक गफलत होते. थकवा, झोप, भूक हे प्रश्न किडनीच्या आजारानेही 'हो' येतात. रात्री उठून नळी घालणाऱ्याची झोप मोडणारच. म्हणून उदास वाटणं, कशातच रस नसणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं ही उत्तरं वेगळी काढून वाचा. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचाराला, शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी बोलायचं. थेट विचारा : 'जगूच नये असं वाटतं का? काही करायचं मनात आलंय का?' विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट मूल सुटकेचा श्वास टाकतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. तातडीच्या धोक्यात ११२.

टाळाटाळीवर पायऱ्यांचा उपाय चालतो. आधी तास चालू असताना रिकाम्या टॉयलेटमध्ये. मग बाहेर मित्र उभा असताना. मग सुट्टीच्या गर्दीत. मग मॉलमध्ये. शेवटी नातेवाइकांकडे रात्रभर. एका पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथेच राहायचं. पालक उत्साहात पहिल्याच आठवड्यात शेवटच्या पायरीवर नेतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

उलवे_से_९
एक शंका. नववीतली मुलगी, स्पायना बिफिडा, डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी). काही आठवड्यांपासून चिडचिड, अभ्यासात घसरण, सकाळी डोकं दुखतं म्हणून शाळेला जात नाही. घरचे म्हणतात वयाचा परिणाम. अशा मुलीला समुपदेशनाला आणावं का?

हिरानंदानी_मेडोज
@उलवे_से_९, समुपदेशनाआधी शंट. शंट हळूहळू बंद पडत असेल तर अगदी असंच चित्र दिसतं : डोकेदुखी, चिडचिड, मार्क घसरणं, झोपाळूपणा. न्यूरोसर्जनला लगेच दाखवा. सोबत उलटी किंवा गुंगी असेल तर त्याच दिवशी इमर्जन्सीत.

या मुलांत 'मानसिक' म्हणण्याआधी पाहायच्या आणखी काही गोष्टी. उंची झपाट्याने वाढताना नव्याने गळती सुरू झाली, पायात ताकद कमी झाली, पाठ दुखू लागली, तर पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू खालून ओढला जातोय का, म्हणजे टेदर्ड कॉर्ड, हे तपासावं लागतं. हल्ली हट्टी झालाय, मुद्दाम करतोय, असं म्हणत महिने वाया घालवू नका. आतड्याचा तुकडा लावून मूत्राशय मोठं केलेल्यांचं बी-१२ काही वर्षांनी कमी होऊ शकतं. त्यानेही थकवा आणि उदासी येते, आणि शाकाहारी घरात ते आधीच काठावर असतं. क्रिएटिनीन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर मरगळ रक्तातून आलेली असते. बऱ्याच दिवसांच्या कोरडेपणानंतर अचानक पुन्हा ओलं होऊ लागलं तर लघवीची तपासणी आणि बद्धकोष्ठ तर बघाच, शिवाय तहान वाढली आणि वजन उतरलं असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर. आणि मुलाला कुणी त्रास देतंय का, हे एकट्यात विचारा.

शंट असलेल्या मुलांबद्दल एक नक्की सांगतो. त्यांच्यापैकी अनेकांना वेळेचं नियोजन करणं, एक काम सोडून दुसऱ्याला लागणं मेंदूच्या पातळीवरच जड जातं. बुद्धी चांगली असते, बोलणं चुणचुणीत असतं, म्हणून विसरणं हा आळस वाटतो. त्यांना ओरडून उपयोग नाही. घड्याळ, दारावरचा तक्ता, एका वेळी एक सूचना.

औषधांची नोंद : ऑक्सिब्युटिनिनने काही मुलांचं लक्ष लागत नाही, डोळ्यांना अंधुक दिसतं, तोंड कोरडं पडतं, शौचाला कडक होतं. 'अभ्यासात मन नाही' ही तक्रार गोळी सुरू झाल्यानंतरची आहे का, हे विचारा. मिराबेग्रॉनसारखं दुसऱ्या गटाचं औषध चालेल का, हे युरोलॉजिस्ट ठरवतील. मानसोपचारतज्ज्ञांना मूत्राशयाचा इतिहास सांगायला विसरू नका. काही जुन्या नैराश्यविरोधी गोळ्या लघवी अडवतात, आणि रिस्पेरिडोन या मानसोपचारातल्या गोळीने रात्रीची गळती वाढू शकते.

पारसिक
@हिरानंदानी_मेडोज, एक भर. लघवीच्या तपासणीत जंतू सापडले की घाबरून अँटिबायोटिक देऊ नये. नळी घालणाऱ्यांच्या लघवीत जंतू असतातच. ताप, कंबर किंवा पोट दुखणं, नव्याने गळती, ही लक्षणं असली तरच उपचार. नाहीतर मूल 'मी सतत आजारीच' या समजुतीत जगतं. नुसता वास येत असेल तर आधी पाणी वाढवा. पाणी कमी पिणाऱ्याची लघवी घट्ट होते, जास्त वास मारते, आणि वासाच्याच भीतीने मूल पाणी आणखी कमी करतं. सोबत बद्धकोष्ठ वाढतं, भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं, गळती वाढते. हे चक्र पाण्याच्या बाजूनेच तुटतं : दिवसभरात दीड ते दोन लिटर, सारखं वाटून. नळीतून प्रत्येक वेळी निघालेली लघवी मोजली तर ती साधारण ४०० मिलीच्या आत राहावी. जास्त भरत असेल तर नळीची वेळ अलीकडे आणा, पाणी कमी करू नका.

वर्तकनगर
रात्री अंथरूण ओलं होणाऱ्या मुलांबद्दल कुणी लिहील का? तेराव्या वर्षी शाळेची दोन रात्रींची सहल आहे, आणि घरचे म्हणतात पाठवूच नका.

खाडीकाठ
पाठवा. पंधराव्या वर्षीही शंभरातल्या एक-दोन मुलांना हा त्रास असतो, म्हणजे मोठ्या शाळेत तो एकटा नक्कीच नसतो. सहल चुकल्याची सल ओल्या चादरीपेक्षा जास्त दिवस राहते.

कोपरी_केमिस्ट
गोळीचं मी सांगतो. सहलीसाठी डेस्मोप्रेसिन (रात्रीची लघवी कमी करणारी गोळी) वापरतात, झोपण्याच्या तासभर आधी, डोस डॉक्टर ठरवतात. पहिली गोळी सहलीत देऊ नका. एक-दोन आठवडे आधी घरी देऊन बघा, कारण सगळ्यांना लागू पडत नाही. गोळीच्या एक तास आधीपासून गोळीनंतर आठ तासांपर्यंत पाणी अगदी कमी, घोटभरच. इथे चूक झाली तर रक्तातलं सोडियम घसरतं : डोकेदुखी, उलटी, फिट. शेकोटीभोवती सरबत वाटतात तेव्हा हे आठवायला हवं, म्हणून एका शिक्षकाला सांगून ठेवा. उलट्या-जुलाब असतील त्या रात्री गोळी नाही.

कायमच्या उपायासाठी अलार्म चांगला. ओलं लागताच वाजतो. सलग १४ रात्री कोरड्या जाईपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन महिने वापरावा लागतो. पहिले काही आठवडे मूल स्वतः उठत नाही, मोठ्यांनी उठवायचं असतं. तिथेच बहुतेक घरं थकतात आणि 'अलार्मचा उपयोग नाही' म्हणतात. वन रूम किचनमध्ये सगळ्यांची झोप मोडते, त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत सुरू करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अंथरूण ओलं होऊ नये म्हणून इमिप्रामिन ही जुनी नैराश्यविरोधी गोळी अजूनही लिहिली जाते. जास्त गोळ्या एकदम घेतल्या तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. घरात उदास, चिडलेलं किशोरवयीन मूल असेल तर ती पट्टी देवघराशेजारच्या डब्यात ठेवायची नाही. कुलूप, किल्ली मोठ्यांकडे, आणि रोजची गोळी हातात. घरात पुरवठा आठवड्याचाच. डॉक्टरांना विचारून दुसरं औषध घेता येत असेल तर उत्तमच.

तलावपाळी
मेणकापडावर जुनी सुती चादर, तिच्यावर पुन्हा मेणकापड आणि पुन्हा चादर, असे दोन थर घाला. रात्री वरचा थर काढला की झोप चालू. गादी गॅलरीत वाळत घालायची वेळ येत नाही आणि समोरच्या विंगमधून कुणी विचारत नाही. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून चादरींचे निदान तीन जोड ठेवा. चादर बदलणं मुलाने स्वतः करावं, पण शिक्षा म्हणून नव्हे.

पारसिक
मुलग्यांविषयी इथे कमी बोललं गेलं. हायपोस्पॅडिअसचं (लघवीचं छिद्र जन्मतः टोकाऐवजी खालच्या बाजूला असणं) ऑपरेशन दोन-तीन वर्षांच्या आत झालेलं असतं आणि घरात त्यावर कधीच बोलणं होत नाही. तेराव्या वर्षी मुलगा इतरांशी तुलना करतो, इंटरनेट चाळतो आणि स्वतःशीच निष्कर्ष काढतो. आठ-नऊ वर्षांपासून थोडं थोडं आणि वयात येताना पूर्ण सांगा : काय होतं, काय केलं, आता काय ठीक आहे. धार वाकडी जाते किंवा ताठरतेच्या वेळी वाक येतो का, हे मुलग्यांना एकट्यात डॉक्टरांनी विचारायला हवं. आईसमोर कुणी सांगणार नाही.

आणि वृषणात अचानक जोराची कळ. टॉर्शनमध्ये, म्हणजे वृषणाला पीळ पडून रक्त थांबतं तेव्हा, साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली. बारा ते अठरा हेच वय जास्त धोक्याचं. लाजेने मुलगे 'पोटात दुखतंय' म्हणतात आणि रात्र काढतात. 'तिथे दुखलं तर रात्री दोन वाजताही उठव' हे आठवीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला बाबांनी एकदा स्पष्ट सांगावं.

मासुंदा
कुठे जायचं हेही एकत्र लिहून ठेवते. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, भरतीच करतात असं नाही. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात बालरोग आणि मानसोपचार एकाच आवारात. नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय. ठाण्यातच आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्यावर काम करते. सरकारी रुग्णालयांतली 'मैत्री' केंद्रं १० ते १९ वयासाठीच आहेत. सरकारी व अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ मध्ये त्याची सुरुवात पालघरला झाली, तेव्हा तो ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात, त्या पथकाकडून संदर्भचिठ्ठी घ्या.

परळच्या वाडिया या मुलांच्या रुग्णालयात जाणाऱ्यांनी निघताना नळी घालूनच निघा. लोकलमध्ये टॉयलेट नाही. ठाणे-पनवेल गाडीतही तेच, जवळजवळ तासाचा प्रवास. कॉलेज लांबचं निवडताना ही गोष्ट मुलाने स्वतः लक्षात घ्यावी आणि चढायच्या व उतरायच्या स्टेशनवरचं टॉयलेट आधी एकदा बघून यावं.

हिरानंदानी_मेडोज
अठरानंतर मोठ्यांच्या ओपीडीत जावं लागतं. तयारी चौदाव्या वर्षापासून. एका पानावर : आजाराचं नाव, ऑपरेशन व वर्ष, नळीचा नंबर व वेळा, ॲलर्जी, चालू औषधं, शेवटचं क्रिएटिनीन, सोनोग्राफी, युरोडायनॅमिक्स (मूत्राशयातल्या दाबाची तपासणी). मूत्राशय मोठं केलेल्यांनी ठळक लिहावं : 'पोटात दुखून ताप आला तर मूत्राशय फुटल्याची शंका आधी घ्या.' संवेदना कमी असल्याने त्यांना दुखणं कमी जाणवतं आणि नवखे डॉक्टर फसतात. पान मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावं. पुढच्या भेटीत डॉक्टरांशी पहिली दोन मिनिटं त्यानेच बोलायचं, आईने मध्ये पडायचं नाही.

वर्तकनगर
दहावीच्या परीक्षेचं काय? पेपर तीन तासांचा, त्याआधी अर्धा तास केंद्रावर.

पामबीच
११ च्या पेपरला केंद्रावर साडेदहाला बसवतात. सव्वादहाला केंद्रातच नळी घालायची, म्हणजे पेपर संपेपर्यंत चार तासांच्या आत बसतं. सकाळी पाणी बंद करू नका, सात ते नऊमध्ये पिऊन घ्या. स्वतंत्र टॉयलेट, मध्ये जायची परवानगी किंवा जादा वेळ हवा असेल तर मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज जातो. मुंबई विभागाचं कार्यालय वाशीतच आहे. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर ते जोडा, नसेल तर सरकारी रुग्णालयाचं वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन शाळेला विचारा. नववी संपतानाच कामाला लागा, कारण दिवाळीनंतर कागद फिरायला वेळ लागतो. पूर्वपरीक्षेला याच वेळा पाळून बघा आणि त्या दिवशीची मोजणी लिहून ठेवा. ४०० च्या वर भरलं तर बोर्डाच्या पेपरला मध्ये एकदा उठायचं, हे पर्यवेक्षकांना आधीच कळवलेलं असावं.